२७ वाला जिंकला, ३३ वाला हरला! हेच गणित अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये नगरसेवक निवडतं

जून २०२२ मधली ती रात्र अनेकांना आठवत असेल. राज्यसभेच्या सहा जागांसाठी आमदारांचं मतदान झालं, पण हरकती आणि तक्रारींमुळे मोजणी रखडली आणि निकाल हाती यायला पहाट झाली. सकाळी पारावर आणि चहाच्या टपरीवर एकच प्रश्न होता. शिवसेनेचे संजय पवार यांना पहिल्या पसंतीची ३३ मतं, भाजपचे धनंजय महाडिक यांना २७. मग महाडिक निवडून आले कसे? कुणी म्हणालं सेटिंग, कुणी म्हणालं मशीन. मशीनचा तर संबंधच नव्हता, मतदान कागदावर झालं होतं.

गणित साधं होतं. वैध मतं २८४ आणि जागा सहा, त्यामुळे एका जागेसाठी सुमारे ४१ मतांचा कोटा पडला. भाजपच्या पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मतं मिळाली होती, म्हणजे प्रत्येकाकडे सातच्या आसपास मतं जास्तीची. त्या मतपत्रिकांवर दुसरी पसंती महाडिकांना होती. ती जास्तीची मतं वाया न जाता महाडिकांकडे वळली, आणि २७ अधिक सात अधिक सात असे ते कोट्याच्या पार गेले. पवारांकडेही मित्रपक्षांची जास्तीची मतं वळली, पण तिकडे शिल्लकच थोडी होती.

हा सगळा पसंतीक्रमाचा खेळ आपल्याकडे फक्त मोठ्या लोकांच्या वाट्याला येतो. राज्यसभेला आमदार, विधान परिषदेला आमदार, नगरसेवक, झेडपी सदस्य, आणि फार तर पदवीधर व शिक्षक मतदार. बाकी सामान्य माणसाने एका नावापुढचं बटण दाबायचं आणि घरी यायचं. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रकचालक, हॉटेलात भांडी घासणारे, नर्सबाई, सगळ्यांनीच १, २, ३ अशी पसंती देऊन आपले नगरसेवक निवडले.

वार्ड तीन जणांचा, पण पॅनल एकाचं

पोर्टलंडला जाण्याआधी आपल्या गावातलाच हिशोब मांडू. समजा, ग्रामपंचायतीच्या एका वार्डात तीन जागा आहेत आणि ९०० मतदान झालं. एका पॅनलला ५०० माणसं मानतात, दुसऱ्याला ४००. मतदार तिन्ही जागांसाठी वेगवेगळं मत देतो. निकाल काय लागतो, हे कुणालाही विचारा. तिन्ही जागा पहिल्या पॅनलच्या. ५०० लोकांचे तीन सदस्य आणि ४०० लोकांचा एकही नाही. पुढची पाच वर्षं त्या ४०० जणांच्या गल्लीत गटार कधी होणार, हे विचारायला कुणाच्या दारात जायचं?

मोठ्या शहरांत चार-चार नगरसेवकांचे प्रभाग असतात, तिथेही अ, ब, क, ड अशा जागांवर वेगवेगळं मत पडतं आणि बहुतेक वेळा हाच प्रकार होतो. ‘पॅनल टू पॅनल चालवा’ ही प्रचारातली हाक त्यातूनच आली.

आता तोच वार्ड पोर्टलंडच्या पद्धतीने मोजू. जागा तीनच, पण प्रत्येक मतदाराला मत एकच. फक्त त्या मतपत्रिकेवर तो पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती लिहितो. ९०० मतांना चारने भागायचं आणि एक मिळवायचा. २२६ आले, हा झाला कोटा. पहिल्या पॅनलच्या ५०० मतांत दोन कोटे बसतात, वर ४८ उरतात. दुसऱ्याच्या ४०० मतांत एक कोटा बसतो, वर १७४ उरतात. निकाल दोन-एक. ज्याचं बहुमत त्याच्याच दोन जागा, पण दुसऱ्याचाही एक माणूस आत.

चारने का भागायचं, तीनने का नाही, असा प्रश्न पडेल. तीन जणांना प्रत्येकी २२६ मतं मिळू शकतात, पण चौथ्याला मिळू शकत नाहीत, कारण चार गुणिले २२६ म्हणजे ९०४, आणि मतं आहेत ९००. तीनच माणसं पार होतील असा सगळ्यात लहान आकडा तो. म्हणून जागांमध्ये एक मिळवून भागतात. राज्यसभेच्या सहा जागांना सातने भागलं होतं ते याच कारणाने.

पूर्वेकडची माणसं आणि पश्चिमेचे कारभारी

पोर्टलंड हे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या ओरेगन राज्यातलं शहर. लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपलं कोल्हापूर आणि नांदेड साडेपाच लाखांच्या घरात होतं, त्यावरून अंदाज येईल.

या शहराचा कारभार १९१३ पासून एका वेगळ्याच पद्धतीने चालत होता. महापौर आणि चार आयुक्त, एकूण पाचच माणसं. हे आयुक्त आपल्यासारखे सरकारी अधिकारी नव्हेत, निवडून आलेले पुढारी. त्यांना वार्ड नव्हता. प्रत्येकाला अख्ख्या शहरातून निवडून यावं लागायचं, आणि निवडून आल्यावर महापौर खाती वाटून द्यायचे. एकाकडे पाणी, दुसऱ्याकडे रस्ते, तिसऱ्याकडे अग्निशमन. अमेरिकेतल्या बाकी मोठ्या शहरांनी ही पद्धत कधीच सोडली होती.

यात मार कुणाला बसला? पूर्वेकडच्या वस्तीला. शहराच्या पूर्वेचा मोठा भाग १९८० आणि १९९० च्या दशकांत शहराच्या हद्दीत घेतला गेला. आपल्याकडे हद्दवाढीत गेलेल्या गावांचं जे होतं तेच तिथेही झालं. कर शहराचा, पण सोयी मागाहून. कित्येक रस्त्यांना पायी चालायला कडेची वाट नाही, काही गल्ल्या कच्च्याच. राहणारी माणसं कमी उत्पन्नाची, बाहेरून आलेली, भाड्याच्या घरातली. अख्ख्या शहरातून निवडून यायचं तर पैसा लागतो, ओळखी लागतात. त्यामुळे शंभर वर्षांच्या कारभारात पूर्वेकडे राहणारे आयुक्त बोटांवर मोजण्याइतकेच झाले. तिकडच्या माणसाने मत द्यायचं, पण त्याचा माणूस कधी बसायचा नाही.

या शहरात दर दहा वर्षांनी नागरिकांची समिती नेमून शहराच्या सनदेचा, म्हणजे कारभाराच्या मूळ नियमांचा, फेरविचार करतात. गेल्या वेळच्या समितीत २० जण होते. त्यांतल्या १७ जणांनी सगळं मुळापासून बदला असा ठराव केला. व्यापारी मंडळींचा विरोध होता, एका विद्यमान आयुक्तानेही उघड विरोध केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो ठराव थेट लोकांसमोर मतदानाला ठेवला. ५८ टक्क्यांच्या आसपास मतदारांनी होकार दिला.

नवी रचना अशी. शहराचे चार मोठे प्रभाग, प्रत्येकातून तीन नगरसेवक, एकूण १२. पूर्वेकडचा भाग हा पहिला प्रभाग. महापौर वेगळा, थेट जनतेतून. खाती आता नगरसेवकांकडे नाहीत. रोजचा कारभार बघायला नेमलेला प्रशासक, साधारण आपल्या महापालिका आयुक्तासारखा.

मतपत्रिका घरी येते

ओरेगनमध्ये मतदान केंद्र, रांग, बोटाला शाई असलं काही नसतं. मतपत्रिका टपालाने घरी येते. घरी बसून भरायची आणि टपालाने पाठवायची किंवा जागोजागी ठेवलेल्या पेट्यांत टाकायची. नावांची उभी यादी आणि समोर सहा रकाने, पहिली पसंती ते सहावी पसंती. ज्याला जी पसंती द्यायची त्या रकान्यातला गोल काळा करायचा. सहाच्या सहा द्यायलाच पाहिजेत असं नाही, एकच दिली तरी मत वैध. काही लोकांना वाटतं की आपल्या माणसाला सहाही रकान्यांत भरलं तर सहा मतं पडतील. पडत नाहीत, एकच धरतात. मतपत्रिकेवर पक्षाचं नावही नसतं, चिन्हही नसतं.

मोजणी कशी होते ते शेतातल्या पाण्यावरून पटकन समजेल. दारं धरणारा माणूस एक वाफा भरला की दारं मोडतो आणि पाणी पुढच्या वाफ्याला लावतो. भरलेल्या वाफ्यात पाणी सोडत बसलं तर ते फुकट जातं. इथे वाफा म्हणजे उमेदवार आणि भरण्याची खूण म्हणजे कोटा.

समजा एका प्रभागात ४०० मतं आहेत, कोटा १०१. एका बाईंना १६१ मतं पडली. त्या निवडून आल्या, पण ६० मतं जास्तीची झाली. आता ही ६० कुणाची म्हणायची? पहिल्यांदा आलेल्यांची की शेवटी आलेल्यांची? पोर्टलंडमध्ये यावर तोड अशी काढली आहे की सगळ्या १६१ चिठ्ठ्यांची पुढची पसंती बघायची आणि प्रत्येक चिठ्ठीचा थोडा थोडा हिस्सा पुढे पाठवायचा. ६० भागिले १६१, म्हणजे रुपयातले ३७ पैसे. त्यातल्या ८० जणांनी दुसरी पसंती एका मास्तरांना दिली असेल, तर मास्तरांच्या खात्यात जवळपास ३० मतं वाढली. राज्यसभेच्या मोजणीतही असाच हिस्सा काढतात, म्हणून तिथले आकडे अपूर्णांकात ऐकायला मिळाले.

कुणाकडेच जास्तीची मतं नसली तर सगळ्यात तळाचा उमेदवार बाद. पण त्याची मतं बाद नाहीत. त्याच्या प्रत्येक मतदाराचं मत जसंच्या तसं पुढच्या पसंतीकडे जातं. असं करत करत तीन जण ठरेपर्यंत फेऱ्या चालतात. एखाद्याच्या चिठ्ठीवरचे सगळेच उमेदवार बाद झाले, तर मात्र ती चिठ्ठी बाजूला पडते. म्हणूनच जास्त पसंत्या लिहिणं मतदाराच्या फायद्याचं. दुसरी पसंती लिहिल्याने पहिल्याचं नुकसान होत नाही. पहिल्याचा निकाल लागल्याशिवाय दुसऱ्याचं नाव वाचतच नाहीत.

दोनदा पडलेल्या बाई तिसऱ्यांदा आल्या

नोव्हेंबर २०२४ ला १२ जागांसाठी तब्बल ९८ उमेदवार उभे राहिले. तिसऱ्या आणि चौथ्या प्रभागात तर प्रत्येकी ३०. महापौरपदाला आणखी १९. एवढी नावं वाचायची कुणी? बऱ्याच मतदारांनी बाकीची मतपत्रिका भरली आणि नगरसेवकांची चौकट कोरीच सोडली. पूर्वेकडच्या ज्या प्रभागासाठी हा सगळा खटाटोप केला, तिथेच मतदान चारही प्रभागांत सगळ्यात कमी झालं. पद्धत बदलली तरी दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्या माणसाला ९८ जणांची माहिती काढायला सवड कुठून मिळणार?

तरी निकाल बघण्यासारखा लागला. पूर्वेच्या प्रभागातून कँडेस अव्हालोस, लॉरेटा स्मिथ आणि जेमी डन्फी निवडून आले. लॉरेटा स्मिथ या कृष्णवर्णीय नेत्या. २०१८ मध्ये त्या अख्ख्या शहरातून उभ्या राहिल्या आणि जो अॅन हार्डेस्टी यांच्याकडून हरल्या. २०२० मध्ये पुन्हा उभ्या राहिल्या आणि डॅन रायन यांच्याकडून हरल्या. अव्हालोस यांनाही २०२० मध्ये अख्ख्या शहराच्या निवडणुकीत यश आलं नव्हतं. २०२४ मध्ये दोघीही एकाच वेळी आत गेल्या. गंमत म्हणजे २०२० मध्ये स्मिथ यांना हरवणारे रायनही दुसऱ्या प्रभागातून निवडून आले. जुन्या पद्धतीत दोघांपैकी एकच बसू शकत होता. नव्या पद्धतीत दोघांचेही लोक आपापला माणूस पाठवू शकले. महापौरपद कीथ विल्सन या ट्रक वाहतुकीचा धंदा करणाऱ्या नवख्या माणसाकडे गेलं. तिघे विद्यमान आयुक्त त्या शर्यतीत होते, तिघेही पडले.

हे वाचून पोर्टलंडमध्ये आता सगळं आलबेल झालं असं कुणी समजू नये. जानेवारी २०२५ मध्ये नव्या सभागृहाची पहिलीच बैठक. सभागृहाचा अध्यक्ष निवडायचा होता. १२ माणसं, एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सहा. अव्हालोस आणि ऑलिव्हिया क्लार्क यांच्यात अडलेलं घोडं फेऱ्यांवर फेऱ्या होऊनही हलेना. शेवटी एलाना पर्टल-गायनी यांचं तिसरं नाव पुढे आलं, मिच ग्रीन यांनी बाजू बदलली आणि बाईंची निवड झाली. १२ हा सम आकडा ठेवताना कुणी एवढा विचार केला नसावा. आपल्याकडे ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या ७, ९, ११ अशी विषम असते, त्यातलं शहाणपण इथे कळतं.

दुसरी अडचण रोजची आहे. एका प्रभागाचे तीन नगरसेवक, मग नळाला पाणी आलं नाही तर फोन कुणाला लावायचा? दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे तर तीन घरं. याचं दुसरं टोकही आहे म्हणा. एकाने उचलला नाही तर दुसऱ्याकडे जाता येतं, आणि तो विरोधातला असेल तर जरा जास्तच आवडीने ऐकतो.

न्यूयॉर्कने आणली आणि मोडूनही टाकली

ही पद्धत अमेरिकेत नवी नाही. न्यूयॉर्क शहरात १९३५ साली डेमोक्रॅटिक पक्षाने सुमारे दोन तृतीयांश मतं घेतली आणि ६५ पैकी ६२ जागा नेल्या. विरोधातल्या एक तृतीयांश लोकांच्या वाट्याला तीन जागा. लोक वैतागले आणि १९३६ मध्ये मतदान करून पसंतीक्रमाची पद्धत आणली. पहिली निवडणूक १९३७ ची. नियम मजेशीर होता. दर ७५,००० मतांमागे एक नगरसेवक, त्यामुळे मतदान वाढलं की जागा वाढायच्या. १९४१ मध्ये याच पद्धतीतून अॅडम क्लेटन पॉवेल हे शहराच्या सभागृहातले पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. पण त्याच दारातून दोन कम्युनिस्टही आत आले. दुसरं महायुद्ध संपलं, रशियाची भीती वाढली आणि त्या भीतीवर प्रचार करून १९४७ मध्ये ही पद्धत रद्द करण्यात आली. जुनी पद्धत परत आल्यावर १९४९ ला डेमोक्रॅटांनी २५ पैकी २४ जागा जिंकल्या. मतं मात्र निम्म्याहून थोडीच जास्त होती.

मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज शहराने मात्र ती टिकवली. तिथे १९४१ पासून नऊ नगरसेवक असेच निवडतात. १९९० च्या दशकापर्यंत मोजणी हाताने व्हायची आणि आठवडाभर चालायची. गावातली म्हातारी-कोतारी माणसंही मोजणी बघायला जाऊन बसत. तिथे जास्तीच्या मतांचा हिस्सा काढत नाहीत, ठराविक अंतराने अख्ख्या चिठ्ठ्याच उचलून पुढच्याला देतात. आता काम संगणक करतो.

आपल्या वार्डाला लागू पडेल का?

लगेच पडेल असं नाही, आणि त्याचं मोठं कारण आरक्षण आहे. आपल्या वार्डातल्या जागा वेगवेगळ्या ठेवल्या आहेत त्या महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी यांची जागा पक्की राहावी म्हणून. पोर्टलंडमध्ये राखीव जागा नाहीत. तिन्ही जागा एकत्र मोजायच्या आणि आरक्षणही सांभाळायचं, तर नियम वेगळे करावे लागतील. ते अशक्य नाही, पण सोपंही नाही.

मात्र प्रमाणात वाटा देण्याची कल्पना आपल्या कायद्याला परकी नाही. महापालिकेत स्थायी समितीचे सदस्य आणि स्वीकृत नगरसेवक पक्षांच्या संख्याबळानुसार ठरतात. म्हणजे निवडून आलेल्यांनी आपसात वाटताना प्रमाण पाळायचं आणि मतदाराने निवडताना पाळायचं नाही, अशी सध्याची स्थिती आहे.

घरात कुणी पदवीधर किंवा शिक्षक मतदार असेल तर एवढं सांगून ठेवा. त्या मतपत्रिकेवर बरोबरची खूण करायची नाही, नाव लिहायचं नाही, सही करायची नाही. केंद्रावर दिलेल्या पेनानेच पसंतीचा आकडा लिहायचा. १ हा आकडा एकाच नावापुढे हवा, तो नसेल तर मत बाद. २, ३ लिहिणं ऐच्छिक आहे. पण मोजणी दुसऱ्या पसंतीवर गेली तर १ वरच थांबलेली मतपत्रिका बाजूला पडते, आणि लिहिलेली पुढे चालत राहते.